सासूबाईंची पाच मीटर वायर

सासू म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे काही उभं राहतं, ते आधी बाजूला ठेवा. या सासूबाई सकाळी नऊच्या ठोक्याला कामावर हजर होतात, कपाळावर भिंग चढवतात आणि दिवे लागेपर्यंत वायरी सोलत बसतात. कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, त्यांचं टेबल आहे. टेबलावर सोल्डरची कांडी, चार चिमटे, बरण्यांमध्ये निवडून ठेवलेले स्क्रू आणि एक स्वयंपाकघरातला वजनकाटा. कंपनीतली बावन्नच्या बावन्न माणसं त्यांना सासूबाई म्हणतात, मालकसुद्धा, कारण त्यांचे सख्खे जावई तिथेच कामाला आहेत. कुणी हसत म्हटलं की काय सासूबाई, तर त्या त्याला हातातलं काम धरायला लावतात, मग तो परत हसत नाही.

जावयांचं काम काय, तर अंगात एक भक्कम जाकीट घालायचं. जाकिटाला स्प्रिंगचा एक हात, हाताला एक खांब, खांबाच्या डोक्यावर कॅमेरा आणि पायथ्याशी बॅटरी आणि एक छोटा मॉनिटर. या सगळ्याला मिळून रिग म्हणतात, आणि तो अंगावर घेऊन हा माणूस जिने चढतो, उतरतो, पळतो, आणि कॅमेरा मात्र पाण्यावरून चालल्यासारखा जरासुद्धा न हलता जातो. कॅमेऱ्याला डोळा लावायची सोय नाही. समोर काय दिसतंय ते त्या पायथ्याच्या मॉनिटरवरच बघायचं. कॅमेऱ्याच्या पाठीला त्याची स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे तो चालूच राहतो. पण मॉनिटर गेला की जावई आंधळे.

बाकीचा गोतावळाही त्या खांबालाच लटकलेला असतो. दुरून फोकस फिरवणारी मोटर, दिग्दर्शकाकडे चित्र पाठवणारं यंत्र, आणखी दोन-तीन डब्या. या सगळ्यांना आणि मॉनिटरलाही वीज हवी. पायथ्याच्या बॅटरीतून एकच वायर निघते, खांबाच्या पोटातून वर जाते, एका डबीत शिरते आणि तिथून ज्याच्या त्याच्या पानात पडते. हे वाढप सासूबाईंचं. त्यांच्या हातची वायर कधी लोंबत नाही, कधी ताणत नाही.

त्यांचा एक नियम आहे आणि तो काळ्या दगडावरची रेघ. जोडताना आधी वीज, मग चित्र. काढताना आधी चित्र, मग वीज. उलटं केलं तर एखाद्या दिवशी यंत्र जळतं, आणि जळालेलं यंत्र त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. नियम त्यांनी भिंतीवर खडूने लिहिला आहे आणि घरीदारीही लावला आहे. लेक दारातून काही सांगत आली की त्या म्हणतात, आधी चार घास खा, मग तुझं चित्र दाखव.

या कामात त्या कशा आल्या, तेही ऐकून घ्या. यजमानांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. यजमान गप्पांना पक्के, पण हात थरथरायचा, म्हणून बारीक काम या करायच्या. यजमान गेले, रेडिओही गेले, तेव्हा त्या कानाला लावायची यंत्रं दुरुस्त करू लागल्या. एके दिवशी एक लांबलचक तरुण बंद पडलेला मॉनिटर घेऊन आला. आत एक वायर सुटली होती. त्यांनी ती जोडली, लेकीने चहा आणला. आठवड्याने तोच तरुण तोच मॉनिटर घेऊन हजर. पुन्हा तीच वायर. मग पुन्हा, मग पुन्हा. चौथ्या वेळी लेकीने न सांगताच चहा टाकला होता. सासूबाई तेव्हा अजून कुणाच्या सासूबाई नव्हत्या, पण वायर आपोआप सुटते कशी आणि चिमट्याने उपटल्यावर दिसते कशी, हे त्यांना चांगलं कळत होतं. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. लग्न झालं, जावयांनीच त्यांना कंपनीत आणलं, आणि नऊ वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग लेकीने पाठीचा विषय काढला. हे घरी आले की अर्धा तास जमिनीवर पालथे पडतात, म्हणाली, आणि मुलीला म्हणतात, पाठीवर चाल. दुसऱ्या दिवशी सासूबाई घरातला वजनकाटा पिशवीत घालून कामावर गेल्या. जावयांच्या रिगमधला एकेक तुकडा त्यांनी काट्यावर ठेवला. लांब स्क्रू होते तिथे आखूड बसवले. जाड पितळी टोपण काढून हलकं घातलं. आणि खांबाच्या पोटातली ती मुख्य वायर, बॅटरीपासून डबीपर्यंतची, जाडजूड होती, ती काढून छान बारीक, मऊ वायर ओवली. तिथेच ऐंशी ग्रॅम वाचले. एकूण बेरीज तीनशे ग्रॅम. वीस-बावीस किलोंत तीनशे ग्रॅम म्हणजे काय हे त्यांनाही कळत होतं, पण माया वजनकाट्यावर मोजत नाहीत. कुणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही.

महिन्याभराने घात झाला. एका लांब बोळातून नायिका पळत येते, जावई मागे मागे जातात, असा शॉट होता. शेवटी नायिकेने वेग घेतला आणि जावयांचा मॉनिटर काळा झाला. सहा सेकंद काळाच राहिला. त्या सहा सेकंदांत नायिकेचं डोकं चित्रातून गेलं आणि जावई भिंतीशी ठेवलेल्या टेबलावर जाऊन आदळले. चूक कुणाची? जावई स्वतःच म्हणाले, माझा गुडघा मॉनिटरच्या बटणाला लागला असणार. मुख्य कॅमेरामन हा ओरडणारा माणूस नाही, आणि तीच त्याची भीती. तो शांतपणे एवढंच म्हणाला की पुन्हा अंधार झाला तर या चित्रपटाचं उरलेलं काम दुसऱ्या माणसाला देईन.

तेव्हापासून जावयांची चाल बिघडली. गुडघा बटणाला लागू नये म्हणून ते पाय बाहेर फेकून चालू लागले, रिग अंगावर नसतानाही. दूध आणायला गेले तरी तसेच. मुलगी मागून नक्कल करायची. सासूबाईंना वाईट वाटलं. त्यांनी डब्याच्या पत्र्याची एक वाकडी पट्टी कापून त्या बटणावर राखण म्हणून बसवली. शिवाय बाकीच्यांच्या कानांतल्या यंत्रांत बोलायच्या माइकचं बटण जावई नेहमी दाबायचे विसरत, म्हणून ते बटणच काढून माइक कायमचा चालू करून दिला. आता ते हुं म्हणाले तरी सगळ्यांच्या कानात. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोर मन लावून संन्याशाच्या गुडघ्याला पट्टी बांधत होता. पण चोराला अजून आपण चोर आहोत हे ठाऊक नव्हतं.

ते कळलं त्या गाण्याच्या दिवशी.

गाणं एका जुन्या पाचमजली शाळेत होतं. सुट्टी होती, म्हणून इमारत मिळाली. मधे मोठं चौकोनी अंगण, चहूबाजूंनी व्हरांडे. अंगणावर जाळं ताणलेलं आणि जाळ्यात तीन हजार फुगे. शॉट एकच, चार मिनिटांचा. नायक-नायिका सगळ्यात वरच्या मजल्यावरून नाचत निघणार, व्हरांड्यांतून, जिन्यांवरून, एकशे वीस नाचणाऱ्यांमधून खाली येणार, कॅमेरा त्यांच्यामागे, आणि अंगणाच्या मध्यभागी कॅमेरा गरागरा फिरू लागला की छतावरचा माणूस दोरी ओढणार आणि फुगे कोसळणार. फुगे एकदाच कोसळू शकतात. पुन्हा भरायला दोन दिवस. मालकाने खबरदारी म्हणून सासूबाईंना पिशवीसकट तिकडे पाठवलं होतं.

त्या वरच्या मजल्यावरच्या एका वर्गात, लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन चहा पीत होत्या. समोर रिग स्टँडवर टांगलेला. फोकसवाली, म्हणजे दुरून चाक फिरवून फोकस धरणारी बाई, आपलं चाक तपासत होती. तिने चाक झर्रकन फिरवलं आणि रिगच्या पायथ्याचा मॉनिटर विझला. फोकसवालीचं लक्ष तिच्या हातातल्या पडद्यावर होतं. सासूबाईंनी कप खाली ठेवला. मॉनिटर परत उजळला.

त्यांनी तिला सांगितलं, हळू फिरव. फिरवलं. काही नाही. आता जोरात फिरव. मॉनिटर विझला.

घोडं कुठे पेंड खातंय ते सासूबाईंना लख्ख दिसलं. मोटर जोरात फिरली की वीज ओढते. वायर बारीक. मोटर पोटभर जेवते आणि मॉनिटरच्या पानात काही उरत नाही. त्या दिवशी नायिका पळाली, फोकस पळाला, मोटर पळाली. गुडघ्याचा काडीचा संबंध नव्हता. व्हरांड्यात जावई पाय बाहेर फेकत सराव करत होते, एक, दोन, एक, दोन. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं सासूबाई मनात म्हणाल्या, आणि त्यांना रडू यायला लागलं, पण रडायला वेळ कुणाकडे होता? दहा मिनिटं राहिली, असं खालून कुणीतरी ओरडलं.

वायर बदलायची तर खांब उघडायचा, सगळा तोल पुन्हा जुळवायचा. पाऊण तास. सासूबाईंनी पिशवीत हात घातला. आत त्यांची टेबलावरची तपासणीची वायर होती, पाच मीटर, लोकरीसारखी मऊ, वेटोळं केलेली. ती घेऊन आणि एक सुटी बॅटरी बगलेत मारून त्या मुख्य कॅमेरामनसमोर उभ्या राहिल्या. मॉनिटरला वेगळी बॅटरी देते, म्हणाल्या, खबरदारी म्हणून. खबरदारी हा शब्द त्यांनी जरा जोरातच म्हटला. खाई त्याला खवखवे.

"आणि बॅटरी धरून त्याच्यामागे कोण पळणार?"

"मी."

त्याने त्यांच्या चपलांकडे पाहिलं. "चार जिने आहेत, सासूबाई."

"उतरायचेच आहेत ना?"

चपला काढून त्या कामाला लागल्या. आधी चित्राची वायर काढली, मग विजेची. मग आपली वायर लावली, आधी वीज, मग चित्र. एकट्या मॉनिटरची भूक चिमणीएवढी, त्याला ही बारीक वायर भरपूर होती. फक्त ती ताणली गेली की कॅमेरा डुगडुगणार. म्हणजे जावई जातील तिथे, जावई वळतील तसं, हातभर अंतरावर सासूबाईंनी असलंच पाहिजे, वायर सैल सोडून. आणि कॅमेरा ज्या दिशेला बघेल तिथे त्या असता कामा नयेत. जावई म्हणाले, आई, तुम्ही कशाला, माझा गुडघा मी सांभाळेन. सासूबाई म्हणाल्या, चला.

आणि गाणं सुरू झालं.

पहिला व्हरांडा मजेत गेला. ढोल घुमत होते, रंगीत कपड्यांतली माणसं खांबाखांबाआडून उसळत होती, मधून जावई, आणि त्यांच्यामागे बगलेत बॅटरी, हातात वेटोळं घेऊन अठ्ठावन्न वर्षांच्या सासूबाई. जावई डावीकडे वळले, त्या उजवीकडे सरकल्या. जावई मागे फिरले, त्या खाली बसल्या आणि कॅमेरा त्यांच्या अंबाड्यावरून गेला. नाचणाऱ्या एका मुलाने भांबावून त्यांचा हात धरला आणि एक गिरकी दिली. त्यांनी गिरकी घेतली, वायर सोडवली आणि परत जागेवर आल्या. खरं सांगायचं तर त्यांना गंमत वाटू लागली होती.

जिना लागला आणि गंमत गेली. जावई पाय बाहेर फेकून पायऱ्या उतरू लागले. सपाट जमिनीवर ती चाल निभत होती, जिन्यावर कशी निभणार? दुसऱ्या जिन्यावर त्यांचा तोल गेला, सावरला. तोंडाने पुटपुटणं चालू होतं, गुडघा बाहेर, गुडघा बाहेर. मॉनिटर लख्ख चालू होता आणि तरी चित्र डुलत होतं. अजून दोन जिने बाकी होते. आता बोललं नाही तर हा माणूस कॅमेऱ्यासकट गडगडत जाणार, हे सासूबाईंना दिसलं. शिवाय एवढ्या ढोलांत ऐकतंय कोण. त्या जावयांच्या कानाशी वाकल्या.

"जावईबापू, गुडघा सरळ टाका. गुडघ्याचा काही दोष नव्हता. वायर बारीक होती. मी घातली होती ती. मीच."

जावई मान वळवू शकत नव्हते, थांबू शकत नव्हते, बोलूही शकत नव्हते, कारण पुढे नायिका गिरक्या घेत होती. असा ऐकणारा जावई कुठल्याही सासूला जन्मात एकदाच मिळतो. सासूबाईंचा बांध फुटला.

"तुमची पाठ दुखते म्हणून वजन कमी करत होते. तीनशे ग्रॅम काढले. तुम्हाला बोलणी बसली ती माझ्यामुळे. मला आत्ता कळलं, वरती, चहा पिताना. डावीकडे कुंडी आहे. मी साहेबांना सांगेन सगळं, मग मला काढून टाकलं तरी चालेल, पण तुम्ही सरळ चाला हो."

जावयांचा पाय सरळ पडला. मग दुसरा. तिसऱ्या जिन्यावर त्यांनी वेग घेतला, चौथा जिना तर ते घरंगळल्यासारखे उतरले, आणि कॅमेरा असा गेला की जणू जिनाच नव्हता. सासूबाई धापा टाकत मागे. अंगण आलं. जावई मध्यभागी गरागरा फिरू लागले, सासूबाई त्यांच्या पाठीशी पाठ लावल्यागत त्यांच्याभोवती धावू लागल्या, एक फेरी, दोन फेऱ्या, आकाश फिरलं, व्हरांडे फिरले, आणि फुगे काही पडेनात. तिसरी फेरी निम्मी झाली तेव्हा जाळं सुटलं. लाल, पिवळे, निळे, तीन हजार. सासूबाईंच्या डोक्यावर, बॅटरीवर, तोंडावर. त्या हसत सुटल्या. मॉनिटर त्या सगळ्या गर्दीत निवांत उजळलेला होता.

कट झाल्यावर टाळ्या पडायला हव्या होत्या. पण ज्यांच्या ज्यांच्या कानात यंत्र होतं ती सगळी माणसं सासूबाईंकडे बघत होती. फोकसवाली डोळे पुसत होती. छतावरचा दोरीवाला कठड्यावरून वाकून पाहत होता, आणि फुगे उशिरा का पडले ते आता कळलं: तो ऐकत राहिला होता.

सासूबाईंनी जावयांच्या तोंडाशी असलेल्या माइककडे पाहिलं. बटण नसलेल्या. स्वतःच्या हातांनी बटण काढलेल्या. त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मुख्य कॅमेरामन फुगे बाजूला सारत आला. त्याने वायर किती बारीक होती ते विचारलं. त्यांनी बोटांनी दाखवली. त्याने ती बोटं पाहिली आणि जावयांना म्हणाला की चित्र मी पाहिलं, पुढचं सगळं काम तुझंच. मग सासूबाईंकडे वळला. "पण सासूबाई, वीस किलोंत तीनशे ग्रॅम कुणाला कळतात?"

"मला कळले होते," जावई म्हणाले. अजून जाकीट अंगात, घाम नाकावरून ठिबकत होता. "मी घरी म्हणालोसुद्धा, पाठ जरा बरी होतेय. का ते कळत नव्हतं."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आता मात्र रडायला वेळ होता.

"आई, मलाही एक सांगायचंय," जावई म्हणाले. "माझ्या त्या मॉनिटरची वायर. नंतर तीन वेळा सुटली होती ना, ती सुटत नव्हती. मी उपटून आणायचो."

"ठाऊक आहे. चिमट्याचे वळ होते तिच्यावर."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही चहा फार आवडीने पीत होतात."

माइक अजून चालूच होता. छतावरचा दोरीवाला असा हसला की उरलेले दोन-चार फुगेही जाळ्यातून निसटले. जावई म्हणाले, आई, सोडवा आता, आधी चित्र. सासूबाईंनी आधी चित्राची वायर काढली, मग विजेची, आणि वेटोळं करून पिशवीत टाकलं. जाकीट उतरल्यावर जावई फुग्यांतून गुडघे उंच उंच उडवत अंगणभर एक फेरी मारून आले.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या टेबलावर खांब उघडला गेला. सासूबाईंनी जाड वायर परत ओवायला काढली, आधी काट्यावर ठेवली आणि सुस्कारा सोडला. ऐंशी ग्रॅम पुन्हा त्या पाठीवर जाणार होते. समोर स्टुलावर जावई चहा घेऊन बसले होते. त्यांनी रिगवरून ती डब्याच्या पत्र्याची पट्टी उपटली, गुडघ्यासाठी बसवलेली, आणि वायर उचलून तिच्या जागी ती पट्टीच काट्यावर ठेवली.

पंच्याऐंशी ग्रॅम.

सासूबाईंनी भिंग वर केलं, आकडा पुन्हा पाहिला, आणि दोघंही इतके हसले की मालक काय झालं ते बघायला जिन्यातून खाली आले.